पंखांची शिल्लक

‘हा माल आता येत नाही,’ हे वाक्य पेठेत दुकान थाटून बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी गिऱ्हाइकाला ऐकवलेले असते. सांगणाऱ्याला त्यात विशेष काही वाटत नाही. तो दुसरा माल पुढे करतो आणि गिऱ्हाईक थोडे कुरकुरून तो घेऊन जाते. हेच वाक्य स्वतःला ऐकावे लागते, तेव्हा मात्र त्याचे वजन कळते. पुण्यात रविवार पेठेत पुठ्ठ्याची खोकी, सुतळी, चिकटपट्टी आणि थर्माकोल विकणाऱ्या अण्णांना ते आयुष्यात दोनदा ऐकावे लागले. एकदा छंदाच्या बाबतीत, अमेरिकेतून. आणि एकदा पोटापाण्याच्या बाबतीत, मुंबईहून. दोन्ही वेळी माल एकच होता, थर्माकोल.

अण्णांना रेडिओवर चालणारी छोटी विमाने बांधण्याचा नाद होता. वाणिज्य शाखेत शिकत असताना ते एनसीसीच्या हवाई शाखेत होते. तेथे विमानांच्या प्रतिकृती बनवण्याचे शिक्षण मिळाले आणि ते अंगात भिनले. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून ते हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणापाशी जात आणि इंजिनाविना तरंगणारी ती लांब, सडपातळ पंखांची विमाने पाहत उभे राहत. पदवी मिळाल्यावर वडिलांच्या गादीवर बसणे क्रमप्राप्त होते. ते बसले, परंतु दुकान वाढवल्यानंतरचा रात्रीचा एक तास त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला.

त्या काळी पंख बांधणे हे विमानबांधणीतील सर्वांत किचकट काम होते. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील अत्यंत हलके लाकूड. त्याच्या पातळ फळीतून एकाच आकाराच्या वीस-बावीस फासळ्या कापायच्या, त्या लांब काड्यांवर समान अंतराने बसवायच्या, वरून पातळ कागद ताणून त्याला लाखेसारखा द्रव पाजायचा. कागद वाळताना आवळतो. पुण्याच्या पावसाळी हवेत तो एका बाजूने जास्त आवळला, तर अख्ख्या पंखाला पीळ बसतो. असा पंख लावलेले विमान हातातून सुटताच एका अंगावर कलंडते आणि नाक जमिनीत खुपसते. अण्णांची पहिली तीन विमाने याच दोषापायी गेली. वडील फारसे बोलत नसत, पण तिसऱ्या वेळी म्हणाले, “दीड महिन्याची कमाई दीड मिनिटात उडवणारा धंदा मी तरी दुसरा पाहिला नाही.”

१९८४ साली अमेरिकेत स्थायिक झालेला त्यांचा आतेभाऊ घरच्या लग्नासाठी पुण्याला आला. अण्णांसाठी त्याने एक लांबट पुठ्ठ्याचे खोके आणले होते. विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याने आत काय आहे असे विचारले. ‘पंख’ असे उत्तर मिळाल्यावर त्याने खोके उघडले, एक पंख तळहातावर तोलून पाहिला आणि हसून जाऊ दिले, हा किस्सा घरात पुढे कितीतरी वर्षे सांगितला जात असे. खोक्यात साच्यातून काढलेल्या थर्माकोलच्या पंखांच्या सहा जोड्या होत्या.

मिझुरी राज्यातील हिगिन्सव्हिल या लहानशा गावी पॉल रुंगे यांची ‘एस आर-सी’ नावाची कंपनी हे पंख बनवून विकत असे. काही पंख बुंध्यापासून टोकापर्यंत सारख्याच रुंदीचे असत, तर काही टोकाकडे निमुळते होत जाणारे. कंपनी स्वतःची विमानेही विकत होती, पण हौशी लोक नुसते पंख विकत घेत आणि त्यांच्याभोवती आपापल्या कल्पनेचे विमान रचत. अण्णांच्या वाट्याला आलेल्या सहाही जोड्या निमुळत्या होत्या.

साच्यातला पंख म्हणजे काय, हे थर्माकोल विकणाऱ्या अण्णांना कोणी समजावण्याची गरज नव्हती. थर्माकोल हे खरे तर ‘बीएएसएफ’ या जर्मन कंपनीचे व्यापारी नाव. आपल्याकडे ते पदार्थाचेच नाव होऊन बसले. पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांत पेंटेन नावाचा सहज उडून जाणारा द्रव मुरवलेला असतो. वाफ दिली की मणी मऊ पडतो, आतला पेंटेन फुगतो आणि तांदळाची लाही व्हावी तसा मणी मूळ आकाराच्या कित्येक पट होतो. हे फुगलेले मणी धातूच्या साच्यात भरून पुन्हा वाफ दिली की ते एकमेकांना चिकटून साच्याचा आकार घेतात. तयार वस्तूत सुमारे ९८ टक्के हवाच असते. दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यातील कोपरे ज्या रीतीने बनतात, त्याच रीतीने हे पंखही बनत. फरक एवढाच की कोपरा एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी चालते. पंखाचे तसे नाही. त्याची वरची कमान, खालचा सपाटपणा, पुढच्या धारेची गोलाई आणि मागच्या धारेचा पातळपणा यांवरच विमान तरंगणार की कोसळणार हे ठरते. साचा एकदा अचूक झाला की त्यातून निघणारा प्रत्येक पंख तंतोतंत सारखा, डावा उजव्याला जुळणारा आणि पिळाचे नाव नसलेला. महिन्याभराची कटकट एका संध्याकाळवर आली.

परंतु त्यामुळे विमान बांधण्याचा क्रमच उलटा झाला. एरवी आधी विमान मनात ठरते आणि मग त्याला साजेसा पंख बनवला जातो. येथे पंख हातात आहे, विमान त्याला शोधायचे आहे. घरात सून येते तेव्हा घर तिच्याभोवती हळूहळू नव्याने रचले जाते, तसेच काहीसे. पंख एक मीटर लांब असेल तर धड साधारण सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटर ठेवावे. शेपटीचा आडवा पंख मुख्य पंखाच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी नसावा. विमान तोलून पाहताना त्याचा भार पंखाच्या पुढच्या धारेपासून रुंदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या दरम्यान पडला पाहिजे. हा तोल मागे सरकला तर विमान बेलगाम होते. फार पुढे गेला तर नाक उचलत नाही. मग वजनाचा हिशेब. पंख एक मीटर लांब आणि वीस सेंटीमीटर रुंद असेल, तर त्याचे क्षेत्रफळ वीस चौरस डेसिमीटर. सगळे मिळून विमान सहाशे ग्रॅमचे झाले, तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर तीस ग्रॅमचा बोजा आला. बोजा जितका कमी तितके विमान संथ उडते आणि चालवणाऱ्याला चूक सुधारायला अवधी मिळतो. अण्णा हे गणित दुकानाच्या बिलबुकामागे पेन्सिलीने करत.

थर्माकोलचे स्वभावदोषही त्यांनी ध्यानात घेतले होते. झटपट चिकटणारा गोंद लावला की थर्माकोल वितळून खड्डा पडतो. तैलरंगाच्या फवाऱ्याने तो मिठासारखा विरघळतो. म्हणून सांध्यांना अरल्डाइट आणि बाकी सगळीकडे पांढरा फेव्हिकॉल. दोन अर्धे पंख जोडताना टोकाकडच्या बाजू किंचित वर उचलून ठेवायच्या, म्हणजे वाऱ्याने विमान कलले तरी ते आपोआप सावरते. जोडावर आतून प्लायवुडची पट्टी आणि बाहेरून काचतंतूंची फीत. पृष्ठभागावर पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलने खाकी कागद चढवायचा. तो वाळला की बोटाच्या दाबाने दबणारा पंख ढोलाच्या पानासारखा ताठ होतो. इंजिन ‘कॉक्स’ कंपनीचे, जेमतेम ०.८ घन सेंटीमीटर क्षमतेचे. त्याचे इंधन मिथेनॉल आणि एरंडेल तेलाच्या मिश्रणाचे. एरंडेल पेठेतच मिळे. रेडिओ संचासाठी त्या काळी सरकारी परवाना लागे. त्याचे कागद अण्णांनी दुकानाच्या परवान्याशेजारी चौकटीत लावले होते.

कामाचे वेळापत्रक घराच्या वेळापत्रकाशी सहज जुळून गेले. चातुर्मासात उड्डाण बंद, बांधणी सुरू. पावसाळा सरला की रविवारी उजाडताच दिवे घाट चढून वरच्या माळरानावर जायचे आणि ऊन तापण्यापूर्वी परतायचे. वर घारी घिरट्या घालताना दिसल्या की अण्णा इंजिन सुरूच करत नसत. सोबतच्या तरुणांना हे पटत नसे. घार स्वतःच बाजूला होते, असे ते म्हणत. अण्णा म्हणत, “आकाश तिचे घर आहे. आपण पाहुणे. पाहुण्याने यजमानाला बाजूला सारायचे नसते.”

सहा जोड्यांचा हिशेब ठेवण्यासाठी त्यांनी एक लाल वही घातली होती. पहिल्या पानावर आवक: सहा जोडी. पुढे जावक. पहिल्या जोडीचे विमान दोन हंगाम उडून विजेच्या तारेत गेले. दुसऱ्या जोडीचे तब्बल सात वर्षे टिकले. तिसऱ्या आणि चौथ्या जोडीचे मिळून एक दुमजली पंखांचे विमान झाले. त्याचे छायाचित्र दुकानात गल्ल्याच्या वर अजूनही आहे. पाचवी जोडी त्यांनी अभियांत्रिकीला शिकणाऱ्या एका होतकरू मुलाला दिली आणि वहीत ‘दान’ असे लिहिले. एक जोडी उरली, तेव्हा त्यांनी आतेभावाला पत्र टाकून आणखी मागवल्या. उत्तर आले: कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली, हा माल आता येत नाही.

त्या दिवसापासून सहाव्या जोडीचे स्थान बदलले. आतापर्यंत ती वापरायची वस्तू होती. आता ती ठेव झाली. अण्णांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वखारीच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. मनात अनेक विमाने येऊन गेली. पण प्रत्येक वेळी, यासाठी ती जोडी मोडावी एवढे हे विमान मोलाचे आहे का, असा प्रश्न पडे आणि उत्तर नकारार्थी येई. हळूहळू बांधणेच थांबले. हाताशी पंख असल्यामुळे माणसाने विमान बांधणे सोडावे, हे विचित्र खरे, पण घडले तसेच. वाळवी-किडीचा उपद्रव नको म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने ट्रंकेत मूठभर डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि दर दिवाळीला, ट्रंक फार न उघडता, फटीतून नव्या टाकत राहिले.

दरम्यान दुकान मुलाच्या हाती आले होते. मुलगा हुशार, हिशेबाला चोख आणि अण्णांपेक्षा धाडसी. गणपतीसाठी थर्माकोलची मखरे करून घेऊन विकण्याचा व्यवसाय त्याने उभा केला. वर्षाच्या उलाढालीचा मोठा भाग भाद्रपदापूर्वीच्या दोन महिन्यांत होऊ लागला. २०१८ च्या हंगामासाठी त्याने फेब्रुवारीतच बँकेच्या कॅश क्रेडिटवर माल भरला. एवढा माल एकदम भरू नये, असे अण्णांचे मत होते. ते त्यांनी सांगितले होते आणि कागदांवर सहीही केली होती.

२३ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. सजावटीचे थर्माकोल त्यात होते. २३ जूनपासून दंड सुरू झाला: पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तुरुंगवास. जुलैत उच्च न्यायालयानेही मखरांसाठी सवलत नाकारली. बंदी चुकीची होती असे अण्णांचे म्हणणे नव्हते. विसर्जनानंतर मुळा-मुठेच्या पाण्यावर तरंगणारे पांढरे तुकडे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते आणि ते तुकडे कुजत नाहीत हे विकणाऱ्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक असणार? पण न्याय्य असले म्हणून नुकसान हलके होत नाही. वखार भरलेली होती आणि व्याज रोज चढत होते.

अशाच एका दुपारी, दुकानात दोन नोकर आणि एक गिऱ्हाईक उभे असताना, अण्णा मुलाला म्हणाले, “मी तुला सांगितले होते.” चारच शब्द. मुलाने मान वर न करता उत्तर दिले, “सांगितले होते, अण्णा. पण माल विकायचा असतो, ट्रंकेत ठेवायचा नसतो, हेही तुम्हाला कोणीतरी सांगायला हवे होते.”

त्यानंतर दोघांत बोलणे राहिले ते व्यवहारापुरते. त्या वर्षी पर्युषणानंतर क्षमापनेच्या दिवशी दोघांनी रीतीप्रमाणे एकमेकांपुढे हात जोडले. शब्द उच्चारले गेले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटांवर पुन्हा तीच शांतता होती. घरातल्या स्त्रियांना हे दिसत होते. पण अशा वेळी मध्ये पडले तर गाठ अधिक आवळते, हे जाणून त्या गप्प होत्या.

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत मुलाने वखार रिकामी करायला घेतली. मखरांचा माल पुनर्वापरासाठी काढून टाकायचा आणि पुढे शीतगृहांच्या भिंतींत घालायचे जाड ठोकळे व पुठ्ठ्याची खोकी एवढेच ठेवायचे, असे ठरले होते. ट्रंक खाली उतरवताना त्याने ती उघडली. वर्तमानपत्र सोडले आणि थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग त्याने खाली येऊन अण्णांना वर बोलावले.

पंखांना खड्डे पडले होते. जेथे जेथे डांबराची गोळी कागदाला टेकली होती, तेथे तेथे थर्माकोल आत बसला होता. देवीचे व्रण उमटावेत तसे. नॅप्थॅलीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. आयुष्यभर थर्माकोल विकूनही ही गोष्ट अण्णांच्या ध्यानात आली नव्हती. किडीने पंखांना हात लावला नव्हता. जपणुकीनेच त्यांचे नुकसान केले होते. मुलाला बोलायला यापेक्षा चांगली संधी मिळाली नसती. तो काही बोलला नाही. पंखावरची धूळ त्याने बाहीने पुसली आणि विचारले, “दुरुस्त होतील का?”

अण्णांनी पंख उजेडात धरला. खड्डे वरवरचे होते. धारा शाबूत होत्या, पीळ नव्हता. “होतील,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “पण आधी कापावे लागतील.”

ही जोडी न मोडण्याचे व्रत त्यांनी इतकी वर्षे पाळले होते, त्यामुळे मुलगा चकित झाला. अण्णांचा विचार साधा होता. बुंध्याकडचा छेद उघडाच होता. तो पुठ्ठ्यावर पेन्सिलीने गिरवून घेता येत होता. टोक मात्र गोलसर मिटलेले होते. तेथून दोन इंच कापून टाकले की टोकाचाही छेद मोकळा होणार होता. बांधताना ते टोक अनेकदा कापावेच लागते. पंखाचे त्याने काही बिघडत नाही. दोन्ही छेद हाती आले की त्यांवरून फर्मे करता येतील, आणि फर्मे असले की साचा मिझुरीत असो वा नसो, पंख रविवार पेठेत कापता येईल. हे तीस वर्षांपूर्वीही करता आले असते. तेव्हा शिल्लक होती, म्हणून सुचले नाही.

तापलेल्या तारेने थर्माकोल कापण्याची कला पुण्याच्या मखर कारागिरांना नवी नव्हती. तपकीर गल्लीतून नायक्रोमची तार आणली, बुरूड आळीतून बांबू आणून त्याची कमान केली, जुन्या ट्रान्सफॉर्मरवरून तारेला वीज दिली. सनमायकाचे फर्मे कापून घासून गुळगुळीत केले. शीतगृहाच्या मालातील एक ठोकळा निवडला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फर्मे टाचले, एकीकडे बुंध्याचा मोठा, दुसरीकडे टोकाचा लहान. वखारीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, कारण वितळणाऱ्या थर्माकोलचा धूर छातीला बरा नाही.

निमुळता पंख कापायला दोन माणसे लागतात. कमानीचे एक टोक एकाच्या हाती, दुसरे दुसऱ्याच्या. तार दोन्ही फर्म्यांच्या कडेवरून एकाच वेळी सरकली पाहिजे. पण मोठ्या फर्म्यावरचा मार्ग लांब आणि लहानावरचा आखूड. दोघांनी सारख्या वेगाने ओढले तर आखूड मार्गाचा माणूस आधी पोहोचतो आणि पंख वाकडा होतो. म्हणून दोन्ही फर्म्यांवर बाराच खुणा करतात. मोठ्यावर दूर दूर, लहानावर जवळ जवळ. एकाने आकडे म्हणायचे आणि दोघांनी त्या आकड्याला आपापल्या खुणेवर असायचे. आकडे म्हणण्याचे काम बारा वर्षांच्या नातीने मागून घेतले. अण्णा बुंध्याकडे उभे राहिले, मुलगा टोकाकडे.

“एक… दोन… तीन…”

सातपर्यंत ठीक चालले. आठाला मुलाची तार पुढे गेली, मधला भाग मागे रेंगाळला आणि तार ठोकळ्याबाहेर पडली तेव्हा पृष्ठभागावर नांगरटीसारखी सरी उमटलेली होती. ठोकळा वाया गेला. अण्णांच्या तोंडून शब्द निघाले, “मी तुला…” आणि ते थांबले. वखारीत क्षणभर नुसता ट्रान्सफॉर्मरचा घूंघूं आवाज होता. मग ते म्हणाले, “माझाच हात मागे पडला असेल. पुन्हा घेऊ.”

“नाही अण्णा,” मुलगा म्हणाला, “मी घाई केली.”

दुसरा ठोकळा लावला. नातीने या वेळी आकडे अधिक सावकाश म्हटले. तार बाराव्या आकड्याला दोन्हीकडून एकदमच बाहेर आली. मग खालची बाजू, तिथेही तसेच. वरचे आणि खालचे कवच अलगद उचलले, तेव्हा मधून पंख निघाला. पांढरा, नितळ, आणि जुन्या पंखाशेजारी ठेवला तर खड्ड्यांवाचून ओळखू न येणारा. तारेच्या उष्णतेने तो एका केसाने बारीक झाला होता; पुढच्या वेळी फर्मा तेवढा मोठा ठेवायचा, असे मुलाने स्वतःच्या अक्षरात लाल वहीत लिहून ठेवले. त्या वहीला त्याने त्याआधी कधी हात लावला नव्हता.

विमान मात्र अण्णांनी जुन्याच जोडीचे बांधले. खड्डे हलक्या लांबीने भरले, वरून खाकी कागद चढवला. इंजिनाच्या जागी आता विजेची मोटर आणि लिथियमची बॅटरी, आणि रेडिओ २.४ गिगाहर्ट्‌झचा, त्यामुळे एरंडेलाचा तो ओळखीचा वास काही आला नाही. जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे तिघे दिवे घाटावरच्या माळावर गेले. हवा स्थिर होती, घारी अजून उठल्या नव्हत्या. मुलाने विमान हातातून सोडले. ते थोडे दबले, मग पंखांनी भार घेतला आणि ३४ वर्षांपूर्वी पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलेली ती जोडी पहिल्यांदा आकाशात गेली. अण्णांचे हात थरथरत होते, पण विमान थरथरत नव्हते. अंगठे आपले काम विसरले नव्हते.

तिसऱ्या फेरीला वारा सुटला. उतरवताना विमान बाभळीच्या फांदीला लागले आणि डावा पंख मधोमध मोडला. नातीच्या डोळ्यांत पाणी आले. मुलाने धास्तावून अण्णांकडे पाहिले. अण्णांनी तुकडे गोळा केले, एकही पांढरा कण मागे राहू नये म्हणून बराच वेळ गवत चाचपले आणि पिशवी गाडीत ठेवली. परतताना घाटात ते एवढेच म्हणाले, “तोल किंचित मागे होता. नव्या पंखाला बॅटरी एक बोट पुढे सरकवू.”

घरी येऊन त्यांनी लाल वहीत जावक लिहिली: जोडी एक. शिल्लक: शून्य. वहीच्या इतिहासात शिल्लक प्रथमच शून्यावर आली होती आणि त्याखाली मुलाने आदल्या महिन्यात लिहिलेली नोंद होती: फर्मे, बुंधा दोन, टोक दोन.

आता अधूनमधून अभियांत्रिकीची मुले दुकानात येतात. स्पर्धेसाठी विमान बांधायचे असते, कोणीतरी पत्ता दिलेला असतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर कोठे उडवता येते आणि कोठे नाही, हे मुलगा त्यांना आधी नकाशावर पाहायला लावतो. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, हे विसरू नका असे बजावतो. मग मुले संकोचाने विचारतात, “काका, असे तयार पंख तुमच्याकडे मिळतात का?”

“मिळतात,” मुलगा सांगतो. “पण आत्ता नाही. कापायला दोन माणसे लागतात. रविवारी या, अण्णा असतात.”